अर्ध्या दाण्याची खरखर

४ जानेवारी

बाबा,

पोचले. सामान सगळं आलं, फक्त आईनं दिलेली उशी गाडीत राहिली. तिला आत्ताच सांगू नका, मीच सांगेन.

तुमचा हुकूम पाळून फोन न करता पत्र लिहायला बसले आहे. "फोनची लाइन भिकार झालीय, अर्धं बोलणं हवेतच जातं, पत्र टाकत जा," असं तुम्ही निघताना म्हणालात तेव्हा हसू आलं होतं. माझ्या वयाची माणसं आता कागदावर फक्त सही करतात. पण मग वाटलं, घरातली मी पहिली पदवीधर, आणि मी नेमकं काय काम करते हे घरात कुणालाच नीट ठाऊक नाही. आई शेजारणींना सांगते, "पोरगी फ्रीजच्या कंपनीत आहे." ते फोनवर सुधारणं मला कधी जमलं नाही. कागदावर जमतंय का बघू.

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. मधोमध छताला एक पिंप टांगलेलं आहे, तुमच्या दुकानातल्या कपाटाएवढं. त्याच्या आत अशी थंडी असते की तिच्यापुढे बर्फ म्हणजे निखारा. ती थंडी सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे थंडीवाले काका म्हणतात. पिंपाच्या तळाशी माझा अँप्लिफायर. नखाएवढा. काम तेच, जे तुमच्या रेडिओतला करतो: आलेला बारीक सिग्नल मोठा करायचा. फक्त माझा सिग्नल आकाशातून, फार लांबून येणार आहे, आणि तो इतका बारीक आहे की अँप्लिफायरची स्वतःची खरखर त्याला गिळून टाकते.

खरखरीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! लहानपणी दोन स्टेशनांच्या मधली खरखर ऐकवून तुम्ही विचारायचात, "ही कुठून येते सांग." मी म्हणायचे, रेडिओत माश्या अडकल्यात. मग तुम्ही सांगायचात की थोडी बाहेरून येते, थोडी रेडिओ स्वतः करतो, कारण त्यातले भाग गरम असतात आणि गरम वस्तू गप्प बसत नाही. हेच वाक्य मला पुढे कॉलेजच्या पुस्तकात सापडलं, तीनशे पानं वाचल्यावर.

म्हणून आम्ही सगळं थंड करतो. जितकं थंड, तितकी खरखर कमी. पण ती शून्य कधीच होत नाही. रेडिओची लहर अखंड वाटते, पण शेवटी ती दाण्यादाण्यांची आहे, आणि तिच्या दोन बाजू आहेत: ती किती उंच उठली आणि कुठल्या क्षणी उठली. निसर्ग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अचूक कळू देत नाही. त्यामुळे जो अँप्लिफायर दोन्ही बाजू सारख्याच मोठ्या करतो, त्याला निदान अर्ध्या दाण्याची खरखर त्यात मिसळावीच लागते. कितीही थंड करा, कितीही हुशार माणूस बसवा. याला क्वांटम हद्द म्हणतात. मला ती फार आवडते. जगात कुणाचीही भीड न धरणारा एक तरी नियम आहे, असं वाटतं.

आमचा आकडा सध्या सव्वा दाणा आहे. एप्रिलमध्ये आकाश ऐकणाऱ्या मोठ्या थाळीची, म्हणजे रेडिओ दुर्बिणीची, माणसं तीन प्रयोगशाळांचे अँप्लिफायर तपासून एक निवडणार आहेत. आमचा निवडला तर मला तीन वर्षांची नेमणूक. नाही तर आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंकडे मला ठेवायला जागाच नाही. मे महिन्यात सामान बांधायचं.

एक सल्ला हवा आहे. पिंपात एक थर्मामीटर आहे, शर्टाच्या बटणाएवढा आणि पापडीसारखा ठिसूळ. तो तांब्याच्या पट्टीवर स्क्रूनं बसवायचा असतो. माझ्या हातून दोन तडकले. आता एकच उरलाय. तुम्ही जुन्या रेडिओच्या ठिसूळ खोक्यांना स्क्रू कसा लावता?

तुमची,
भिंगरी

*

१३ जानेवारी

भिंगरी,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. तू फ्रीजच्या कंपनीत नाहीस हे तिला पटलं, पण आता शेजारणींना काय सांगायचं हा तिच्यापुढे प्रश्न आहे. मी म्हटलं, सांग की पोरगी अर्धा दाणा मोजते. ती म्हणाली, लोकांना वाटेल कोंबड्या पाळल्यात.

स्क्रूचं सांगतो. ठिसूळ वस्तूला स्क्रू कधी पुरा आवळू नये. बोटाला अडल्यासारखं लागलं की शेवटचा अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, सोडून द्यायचा. मनगट म्हणतं अजून थोडं, तिथे त्याचं ऐकायचं नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक खोकं तडकलेलं नाही. सातवी पास माणसाचा सल्ला तुमच्या पिंपात चालत असेल तर घे.

दुकान बरं चाललंय. रेडिओ कोण ऐकतं असं लोक म्हणतात, पण आठवड्याला तीन-चार येतातच. हेडबाई परवा त्यांचा जुना रेडिओ घेऊन आल्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी माझ्या दुकानात शिरताना माझे हात स्वच्छ आहेत का बघतात. तुझी आई हल्ली शिवणाचं मशीन घेऊन दुकानातच बसते. घरात उजेड कमी म्हणे. सोबत होते.

तो नियम तुला आवडतो हे वाचून बरं वाटलं. मलाही अशी माणसं आवडायची, भीड न धरणारी. लग्न केलं एकीशी.

बाबा

(खाली आईच्या अक्षरात:) उशी गाडीत राहिली ते मला पत्र ऐकतानाच कळलं. तू सांगू नका लिहिलंस तेही यांनी वाचलं. इतक्या मोठ्यानं वाचतात की शेजारच्या सलूनमध्येही आता तुझं पिंप सगळ्यांना माहीत आहे.

*

१ फेब्रुवारी

बाबा,

पाव! पाव दाणा!

आधी तुम्हाला सांगते, मग बाकीचं. तुमचा अर्धा आटा कामी आला. तिसरा थर्मामीटर तडकला नाही. पिंप बंद केलं, थंड व्हायला तीन दिवस लागले, आणि मोजलं तर आकडा सव्वावरून थेट पाववर. अर्ध्याच्या खाली!

मोजतो कसं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझा आनंद नीट कळेल. अँप्लिफायरची खरखर एकटी मोजता येत नाही. तराजूत दुसऱ्या बाजूला वजन लागतं. ते वजन म्हणजे एक रेझिस्टर. गरम वस्तू गप्प बसत नाही ना? मग रेझिस्टर ठरावीक अंशांवर आणला की तो किती खरखरेल हे आधीच माहीत असतं. तो आधी अगदी थंड असताना मोजायचं, मग किंचित गरम करून मोजायचं. किती अंश आहे हे तो बटणाएवढा थर्मामीटर सांगतो. त्या ठाऊक असलेल्या खरखरीशी तुलना करून अँप्लिफायरची खरखर काढायची.

तुम्ही विचाराल, हद्द अर्ध्याची होती ना? त्यातही एक चोरवाट आहे. लहरीची एकच बाजू मोठी केली आणि दुसरी सोडून दिली तर अर्ध्याच्या खाली जाता येतं. तो नियम मोडणं नाही, एक बाजू सोडून दिल्याची भरपाई आहे. माझा अँप्लिफायर आपसूक एका बाजूला झुकत असावा, असं मला वाटतं.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वाटतं?" त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"वाटणं कशानं मोजतात गं?"

थंडीवाले काका मागून म्हणाले, "बाई, पोरीला एक दिवस तरी आनंदात राहू द्या. पिंप माझं आहे, मी आनंदात आहे."

बाई हसल्या आणि म्हणाल्या, महिनाअखेर अहवाल पाठवायचाय, तोवर कारण सिद्ध कर. मी करीन. बाबा, एप्रिलची मला आता भीती वाटत नाही.

तुमची,
भिंगरी

*

९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनाही वाचून दाखवलं. एकानं विचारलं, पाव दाण्यानं काय होतं? मी म्हटलं, आकाश ऐकू येतं. तो म्हणाला, माझा मिक्सर कधी होईल?

सल्ला लागू पडला म्हणतेस ते मी आईला तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेलो तर ती म्हणाली, पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

आता माझीही बातमी ऐक. हद्द तुझ्याकडेच मोडली असं समजू नकोस. माझ्या दुकानातलीही खरखर संपली! गेल्या वर्षभरात लागोपाठ किती रेडिओ केले, एकालाही दोन स्टेशनांच्या मध्ये आवाज नाही. काटा फिरवला की स्टेशन, मग शांत, मग स्टेशन. पूर्वी महागड्या सेटलाही हे जमत नव्हतं. मला वाटतं, हल्ली सुटे भागच चांगले येऊ लागलेत. किंवा म्हाताऱ्याचा हात आता कुठे बसलाय.

हेडबाई मात्र त्यांचा सेट परत घेऊन आल्या. म्हणाल्या, खरखर आहे. मी त्यांच्यासमोर लावून दाखवला, काटा मध्ये ठेवला, आवाज पुरा वाढवला. चिडीचूप. तरी कानावर हात ठेवून उभ्या! मी सेट ठेवून घेतला. वयानं कान जातात माणसाचे, उगाच कशाला दुखवा.

महिनाअखेर अहवाल जाऊ दे, मग मी सलूनमध्ये सगळ्यांना सांगतो.

बाबा

*

१६ फेब्रुवारी

आई,

हे पत्र तुझ्यासाठी आहे. बाबांना दाखवू नकोस, आणि मोठ्यानं वाचू नकोस.

बाबांच्या पत्रातली चार ओळींची बातमी डोक्यातून जात नाही. हेडबाईंनी कानावर हात ठेवले, असं त्यांनी लिहिलंय. शांत रेडिओपुढे कानावर हात कोण ठेवतं?

मला एवढंच सांग. दुकानातला रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवला की तुला काय ऐकू येतं? आणि तू दुकानात शिवण घेऊन का बसतेस? घरातला उजेड मला माहीत आहे. खिडकीजवळ बसून मी तिथेच सगळा अभ्यास केला.

भिंगरी

*

२२ फेब्रुवारी

भिंगरीस,

मला लांब लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे.

रेडिओ खरखरतो. पूर्वीसारखाच. मला ऐकू येतो, सलूनवाल्यालाही भिंतीपलीकडून येतो. यांना दोन वर्षं झाली, बारीक आवाज पोचत नाहीत. किटलीची शिट्टी नाही, दाराची घंटी नाही. जाड आवाज येतो. फोनवरचं तुझं बोलणं येत नव्हतं. तू काही विचारलंस की हे 'हो हो' म्हणायचे आणि फोन मला द्यायचे. मग लाइन भिकार झाली.

मी शिवण घेऊन बसते, कारण गिऱ्हाईक काय म्हणतं ते यांना कळत नाही. मी मान वर करून तेच पुन्हा विचारते, "काय म्हणालात, आवाज फुटतो का?" माझ्या तोंडाकडे बघून यांना समजतं. गिऱ्हाइकांना वाटतं मलाच कमी ऐकू येतं. वाटू दे.

त्यांना माहीत आहे का, मला सांगता येत नाही. थोडं माहीत असेल. पण रेडिओचं खरंच माहीत नव्हतं. त्यांना खरंच वाटतं की आपला हात बसला. इतके खूश आहेत की मला बोलवत नाही. तू शिकलेली आहेस, तू बघ कसं सांगायचं.

उशी दुसरी केली आहे.

आई

*

२७ फेब्रुवारी

बाबा,

आज अहवाल जायचा होता. गेला, पण पाव दाण्याचा नाही.

गेल्या आठवड्यात मी एका खरखर नसलेल्या रेडिओचा फार विचार केला. असा रेडिओ असू शकत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत: गरम वस्तू गप्प बसत नाही. मग तो गप्प वाटला, तर गडबड रेडिओत नसेल, ऐकण्यात असेल. हे वाक्य मी वहीत लिहिलं, आणि लगेच माझ्या आकड्यांची पानं उलटून पुन्हा बघितली. कारण माझाही अँप्लिफायर गप्प झाला होता. आणि मी तुमच्याहून जास्त शिकलेली असून चोरवाट शोधत बसले होते.

बाईंना सांगितलं, पिंप उघडायचं आहे. थंडीवाले काका कळवळले. पुन्हा थंड करायला तीन दिवस, आणि अहवालाला चार उरलेले. बाईंनी फक्त विचारलं, "काय सापडेल असं वाटतं?" मी म्हटलं, "वाटत नाही बाई. बघायचंय." त्यांनी काकांना खूण केली.

थर्मामीटरचा स्क्रू सैल होता. तसा हातानं हलतही नव्हता, पण पिंपात हवा नसते. तिथे उष्णता फक्त धातूला धातू घट्ट टेकला तरच पोचते. थंडीत तांबं आकसलं आणि टेकायचं ते जेमतेम टेकलं. रेझिस्टर गरम व्हायचा, पण त्याची ऊब थर्मामीटरपर्यंत पुरती जायचीच नाही. वजनावर लिहिलंय किलो, प्रत्यक्षात आहे सव्वा किलो. मग समोरचा माल कमी भरणारच. पाव दाणा तिथून आला होता. घट्ट करून पुन्हा मोजलं. पाऊण. काकांनी अँप्लिफायरखालचा दुसरा सैल सांधाही त्याच वेळी आवळला म्हणून सव्वाचा पाऊण झाला, एवढंच खरं. चूक माझी होती, आणि अहवालात मी तसं लिहिलं आहे. पाऊण आकड्यावर आम्ही निवडले जाऊ की नाही, ठाऊक नाही.

बाबा, आता पुढचं. हे लिहायला मला अहवालापेक्षा जास्त वेळ लागतो आहे.

हेडबाईंचे कान शाबूत आहेत. तुमच्या दुकानातली खरखर कुठे गेलेली नाही. सगळ्या रेडिओत ती आहे, जशी मी लहान असताना होती. ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमचा हात चाळीस वर्षांपूर्वीच बसला होता. त्यात मला शंका नाही. सैल झालंय ते मोजणारं यंत्र. माझ्याकडे थर्मामीटर, तुमच्याकडे कान.

मला कुणी सांगितलं हे विचारू नका. तुमच्याच पत्रातून कळलं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाल? माझ्यासाठी?

तुमची,
भिंगरी

*

१५ मार्च

बाबा,

दोन आठवडे झाले. रागावलात का? रागावला असाल तर रागाचं पत्र लिहा. कोरं पाकीट पाठवलंत तरी चालेल, वरचा पत्ता तरी तुमच्या अक्षरात असेल.

भिंगरी

*

२४ मार्च

भिंगरी,

रागावलो होतो. तुझ्यावर नाही. आधी हेडबाईंवर, मग सुट्या भागांवर, मग तुझ्या आईवर. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? आता शर्ट बदला, डॉक्टरांकडे जायचंय." कधीपासून वेळ घेऊन ठेवली होती कुणास ठाऊक.

त्या आधी एक काम केलं. दुकानात रेडिओ लावला, काटा मध्ये ठेवला आणि स्पीकरच्या पडद्यावर बोट टेकवलं. थरथरत होता. चाळीस वर्षांचा धंदा, आणि हे बोट टेकवायचं मला वर्षभर सुचलं नाही. का सुचलं नाही, ते मलाही कळतं. तेवढं बोलू नकोस.

कानाची डॉक्टरीण तुझ्याच वयाची आहे. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघून दाबत होतो. आवाज सोडला की तिची भुवई हलायची. सगळे बरोबर आले. ती म्हणाली, "आजोबा, तुमचे कान माझ्याहून चांगले आहेत," आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग काही बरोबर आलं नाही. बारीक आवाजांची बाजू जवळजवळ गेलेली आहे. जाड शिल्लक आहे. तुझ्या त्या चोरवाटेसारखं, एक बाजू सोडून दिलेली. पण भरपाई काही मिळालेली दिसत नाही.

त्यांनी एका कानाला यंत्र दिलं. दुसरं मी घेतलं नाही, एक तर वापरून बघू म्हटलं. त्यात खरखर आहे. म्हटलं एवढ्याशा यंत्राला इतकी खरखर कशाला, म्हणून घड्याळजीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडलं. डॉक्टरीण फार बोलली. हेडबाईंच्या वरताण आहे. आता पुन्हा जोडून दिलंय आणि माझ्याकडून शब्द घेतलाय.

मुख्य गोष्ट राहिली. तुझ्या पत्रात स्क्रू सैल होता असं आहे. का सैल होता, ते नाही. दोनदा शोधलं, आईलाही शोधायला लावलं. तो अर्धा आटा होता ना, मी सांगितलेला? तू एवढ्या लांबून माझ्या कानाचं मला सांगितलंस आणि हे मात्र पोटात ठेवलंस. "चूक माझी" म्हणे. तुझ्या बाईंना सांग, अर्धी चूक दुकानातली आहे. खोक्याला जे चालतं ते पिंपाला चालत नाही, हे मला कसं कळणार होतं. पण कळलं असतं तरी मी सल्ला दिलाच असता, तू विचारलंस याचा आनंद एवढा झाला होता.

यंत्रातली खरखर काढता येईल का, तेवढं तुझ्या त्या पिंपवाल्यांना विचार.

बाबा

*

२१ एप्रिल

बाबा,

निकाल लागला. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, नाही तर तुम्ही पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर घ्याल.

यंत्रातली खरखर पुरती काढता येणार नाही. ते माणसाच्या कानात, उबेत बसतं, पिंपात नाही. गरम वस्तू गप्प बसत नाही. थोडी डॉक्टरीणबाई कमी करून देतील, थोडी तुमचं डोकंच पंधरा दिवसांत बाजूला टाकायला शिकेल. उरलेली राहू द्या. बाबा, मी वर्षभर त्या अर्ध्या दाण्याकडे वैऱ्यासारखं बघत होते. आता तसं वाटत नाही. तो मोजमापात दिसला की मला कळतं, आपण खोटं मोजत नाही.

आता निकाल. मोठ्या थाळीची माणसं त्यांचं स्वतःचं वजन घेऊन आली होती, म्हणजे त्यांचा रेझिस्टर, त्यांचा थर्मामीटर, त्यांचा पाना. तिन्ही अँप्लिफायर त्यावरच मोजले. आमचा पाऊण, अगदी अहवालात लिहिला तेवढाच. एका प्रयोगशाळेचा त्याहून केसभर बरा. तिसरी अहवालात अर्ध्याच्याही खाली होती. त्यांच्या वजनावर ती दीडवर गेली. तिथली मुलगी माझ्याएवढीच होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. पाणी आणून दिलं.

निवडलं त्या केसभर बऱ्या प्रयोगशाळेला. माझं मनातल्या मनात सामान बांधून झालं. मग त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले की थाळीच्या यंत्राला दोन वाटा आहेत, आडव्या लहरींना एक आणि उभ्या लहरींना एक. दोन्हीकडे एकाच प्रयोगशाळेचं काम लावायचं ठरलं होतं, पण आता त्यांना वाटतं की दोन वेगवेगळे बसवावेत, म्हणजे एक खोटं बोलू लागला तर दुसऱ्यावरून कळेल. "तुमच्या अहवालात चूक कशी झाली आणि कशी सापडली याचं एक पान आहे," ते बाईंना म्हणाले. "दुसरा तुमचा घेतो."

कामाची वाटणी निम्मी, म्हणून नेमणूकही निम्मी. तीन वर्षांच्या जागी दीड. बाई म्हणाल्या, "चालेल ना?" थंडीवाले काकाच परस्पर म्हणाले, "चालेल."

त्या पानावर मी तुमचं लिहिलं नव्हतं. आता बाईंना सांगितलं, अर्धा आटा आणि सगळं. त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, "वडिलांना सांग, खोक्यांच्या बाबतीत ते बरोबर आहेत."

थाळीलाही दोन कान लागतात, बाबा. दुसरं यंत्र घ्या.

मे महिन्यात येते. सामान न बांधता, नुसती पिशवी घेऊन.

तुमची,
भिंगरी

*

३० एप्रिल

भिंगरी,

दुसरं घेतलं. डॉक्टरीण म्हणाली, कुणाच्या सांगण्यावरून? मी म्हटलं, आकाश ऐकणाऱ्यांच्या.

दीड वर्षाचं सलूनमध्ये सांगितलं. आता शेजारणींना तुझी आई सांगते की पोरगी थाळीचा एक कान बनवते. कुणाला काही कळत नाही, पण कोंबड्यांचं कुणी विचारत नाही.

आज सकाळी दुकान उघडलं, दोन्ही यंत्रं घातली आणि हेडबाईंचा सेट लावला. काटा दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवला. आली. तीच. बारीक, कोरडी, कपड्यावरून हात फिरवल्यासारखी. तू माश्या म्हणायचीस. मी खुर्ची ओढून बसलो. तुझी आई शिवता शिवता थांबली. म्हणाली, "काय ऐकताय? काहीच लागलेलं नाही."

"तेच ऐकतोय," म्हटलं.

तिनं मशीनवरचा पाय काढला आणि तीही ऐकत बसली. बराच वेळ आम्ही स्टेशन लावलं नाही. मग गिऱ्हाईक आलं, काही तरी म्हणालं, आणि तिनं सवयीनं मान वर करून विचारलं, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "अगं, त्यांचा प्लग सैल आहे, मला ऐकू आलं." तिनं मान खाली घातली, पण दोरा ओवायला तिला आज फार वेळ लागला.

मशीन तिनं घरी नेलेलं नाही. उजेड तिथे कमी आहे म्हणे.

रविवारी फोन कर. लाइन आता बरी झाली आहे.

बाबा